रेडकरबाईंची यमुना

रेडकरबाई गेल्या त्याच दिवशी त्या लोकांनी बाईंचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'अगस्तीची एक सच्ची फॅन हरपली.' मग जोडलेल्या हातांची रांगच्या रांग. ह्याच लोकांनी बाईंना ह्याच ग्रुपमधून हाकललं होतं. विकली गेलेली बाई म्हटलं होतं. त्यांच्या दवाखान्याबद्दल नेटवर वाट्टेल ते लिहिलं होतं. आणि फोटो तरी कुठला निवडावा? हसरा. ज्या हसण्यापायी बाई वकिलाकडे गेल्या होत्या, नेमका तो. कोणीतरी मला तो पुढे पाठवला, मी बघितला, आणि माझं डोकं फिरलं. बाई असत्या तर एकेकाला फोन करून झाडला असता. मला तसं भांडता येत नाही. म्हणून हे लिहितेय.

डॉ. सुलभा रेडकर परळला दातांच्या डॉक्टर होत्या. जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दवाखाना, बाहेर बसायला बाकं, आत दोन खुर्च्या. एका खुर्चीवरचे पेशंट त्या बघायच्या, दुसरीवरचे मी, त्यांच्या हाताखालची डॉक्टर. नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं, ते त्यांनी ऐकलं न ऐकलं आणि पुढचा प्रश्न, "राहतेस कुठे?" मी म्हटलं माटुंग्याला. तेव्हापासून माझं नाव माटुंगा. "ए माटुंगा, लाईट इकडे कर." "माटुंगा, ह्या काकांना सांग, दात काढला की जेवण बंद होत नाही, बडबड बंद होते." माझ्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा त्यांनी 'चि. सौ. कां. माटुंगा' असंच लिहिलं होतं.

बाईंना राग यायचा असं म्हणणं चूक आहे. राग त्यांच्याकडे राहायलाच होता. सकाळी जिना चढता चढताच त्यांचा आवाज वर यायचा. कधी रस्ता खणणाऱ्यांवर, कधी त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टमधल्या आरशासमोर केस विंचरणाऱ्यांवर, कधी बोंबलाला पापलेटाचा भाव सांगणारीवर. ठेंगणी, रुंद बाई, केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा दोरीला बांधलेला. एप्रनची वरची गुंडी कायम तुटलेली, कारण बोलताना त्या ती पिळायच्या.

पण एक गोष्ट मी अजून कोणात पाहिलेली नाही. त्यांची जीभ जितकी तापेल तितका त्यांचा हात हलका व्हायचा. बाई पेशंटच्या डोक्यावर कोणाच्या तरी नावाने शंख करतायत, पेशंट आ करून गुपचूप ऐकतोय, आणि त्याला कळायच्या आत भुलीचं इंजेक्शन देऊन झालेलं असायचं. लहान मुलांच्या आया तर मुद्दाम विषय काढायच्या. "डॉक्टरबाई, आज पाणी आलं नाही हो आमच्याकडे." झालं. पोराची दाढ बाहेर यायची आणि पोर डोळे मोठे करून बाईंकडे बघतच राहायचं.

सगळ्यात हुकमी विषय म्हणजे 'यान अगस्ती'.

आजच्या मुलांना ती मालिका माहीत असायचं कारण नाही. टीव्हीवर एकच चॅनल होता तेव्हाची. मराठीतली अंतराळातली मालिका, तिच्यात थर्माकोलचे ग्रह, आणि यानाच्या भिंतीला स्टीलच्या डब्यांची झाकणं ठोकलेली. मी नंतर नेटवर पाहिली तेव्हा पहिल्यांदा हसूच आलं. बाईंसमोर हसले, चूक झाली. "हस. झाकणं बघून हस. तुला झाकणं दिसली, आम्हाला यान दिसत होतं."

त्या यानात एक कप्तान होता, रणदिवे नावाचा. एक तात्या होते. तात्या म्हणजे यानाचा संगणक, म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात बोलायचा. त्यांना एखादी गोष्ट ठाऊक नसली तर सरळ सांगायचे, "मला ठाऊक नाही." आणि इंजिनिअर होती यमुना खोत. खाली इंजिनात असायची, फार बोलायची नाही, हात कोपरापर्यंत काळे. कप्तान वर भाषणं करायचा आणि यमुना खाली यान चालू ठेवायची. मागे राहिलेल्या माणसाला घेतल्याशिवाय ती इंजिन सुरूच करायची नाही. कप्तानाचा हुकूम असला तरी नाही.

ही यमुना बाईंची कोण होती हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. वाटायचं, असतं एखाद्याला वेड.

मग बातमी आली की 'अगस्ती' नव्याने येतेय. मोबाईलवरच्या ॲपवर, मोठ्या खर्चाची, 'अगस्ती: नवा उदय'. बाई इतक्या खुशीत मी कधी पाहिल्या नव्हत्या. गिरगावातल्या प्रधानांबरोबर त्यांनी जुन्या चाहत्यांचा एक ग्रुप काढला होता. प्रधान हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, शब्द मोजून बोलणारे. ग्रुपवर दिवसभर चर्चा. यमुना कोण करणार, तात्यांचा आवाज कोणाचा. पहिला भाग आला त्या दुपारी बाईंनी दवाखाना बंद ठेवला. बाहेरच्या टीव्हीवर आमच्या नंदाने, म्हणजे पेशंटची नावं पुकारणाऱ्या रिसेप्शनिस्टने, ॲप लावलं. बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. सगळ्यांना बटाटेवडे.

यान सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. तात्या आले. त्यांनी विनोद केला, मग दुसरा केला, आणि मग चक्क रॅप गायला लागले. बाईंनी हातातला वडा खाली ठेवला. मग यमुना आली. तरुण, देखणी मुलगी, केस मोकळे.

"नखं बघ," बाई म्हणाल्या. "माटुंगा, नखं बघ तिची. इंजिनिअर आहे ही? इंजिनात हात घालते ही?"

नखं खरंच स्वच्छ होती. बाईंनी ते पुढे ताणलं नाही, कारण तेवढ्यात यमुना मेली. पहिल्याच भागात. कोणीतरी मागून गोळी मारली, ती कप्तानाच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून मेली, आणि कप्तान आकाशाकडे बघून ओरडला. त्यापुढचा सगळा वेळ तो दाढी वाढवून सूड घेत होता.

टीव्ही बंद झाला. नंदाने हळूच विचारलं, "मॅडम, चहा?"

"मारली ती मारली," बाई म्हणाल्या. "माणसं मरतात. पण कशासाठी मारली? त्या मेल्याला दाढी वाढवून हिंडता यावं म्हणून?"

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या बाबांबद्दल सांगितलं. लालबागच्या चाळीतलं त्यांचं बिऱ्हाड. बाबा गिरणीत फिटर. घरी आले की रॉकेल, साबण, माती, काहीही लावा, हातांचा काळेपणा जायचा नाही. शाळेत पालकांना बोलावलं की हात मागे धरून उभे राहायचे. टीव्ही शेजारच्यांकडे होता, दारात बसून बघायचा. यमुना पहिल्यांदा दिसली त्या संध्याकाळी बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, ते एकदम खाली बसले. म्हणाले, "सुले, बघ. ती कोणाक इचारता काय, माका जमात काय म्हणून? सरळ गेली नि पानो हातात घेतल्यान."

"टीव्हीवर तोवर काळ्या हाताचं माणूस मी बघितलंच नव्हतं गो," बाई म्हणाल्या. "असलं तर चोर, नाहीतर नोकर. ही पहिली. आणि ती बाई होती."

पुढे गिरणी बंद पडली. बाबा घरी बसले आणि त्यांचे हात हळूहळू पांढरे होत गेले. आई म्हणायची, बरे दिसतात. बाबा पांढरे हात खिशात घालून बसायचे. मुलगी डॉक्टर होणार म्हटल्यावर चाळीत लोक हसले होते, तेव्हा बाबांनी एवढंच म्हटलं होतं, "ती कोणाक इचारूची नाय." दाताच्या कॉलेजात पहिल्यांदा हत्यार हातात धरताना आपले हात यमुनासारखे धरले होते, हे बाईंनी मला सांगितलं, आणि वर दटावलं, "बाहेर बोललीस तर तुझी दाढ काढीन."

तर अशी यमुना त्या लोकांनी कप्तानाला दाढी यावी म्हणून मारली.

बाईंनी ग्रुपवर तोंडी मेसेज पाठवायला सुरुवात केली. लिहायचा कंटाळा होता त्यांना. दोन पेशंटच्या मधे फोन तोंडाशी धरून त्या तोफ डागायच्या. "तात्या खोटं बोलत नव्हते, ठाऊक नाही म्हणत होते, हा एवढा मोठा गुण तुम्हाला दिसला नाही? गाणं म्हणायला लावलंत म्हाताऱ्याला?" लोकांना ते मेसेज फार आवडले. ते इकडून तिकडे गेले, ग्रुप फुगत गेला. प्रधान म्हणायचे, सुलभाताई, तुम्ही आमची तोफ.

पण फुगलेल्या ग्रुपात कोण कोण आलं ते कोणी बघितलं नाही. बाईंचा राग लिहिणाऱ्यांवर होता. ह्या नव्या लोकांचा राग त्या मुलीवर निघाला. रेवा तांडेल तिचं नाव, वरळी कोळीवाड्यातली. आई मासे विकते हे कुठल्याशा मुलाखतीत तिने अभिमानाने सांगितलं होतं, ते ह्यांनी उचललं. 'कोळीण आता यान चालवणार.' 'इंजिनात बोंबील वाळत घातलेत.' तिच्या फोटोवर काय काय चिकटवलं ते मी इथे लिहिणार नाही. बाईंनी दोनदा ओरडून सांगितलं, हे बंद करा. प्रधानांनी उत्तर दिलं, "तरुण आहेत, भावना तीव्र आहेत."

मग दादरला एका हॉलमधे कार्यक्रम झाला. चाहत्यांनी प्रश्न विचारायचे, मालिकावाल्यांनी उत्तरं द्यायची. स्टेजवर दिग्दर्शक आणि रेवा. हॉल भरलेला. बाई पुढच्या रांगेत, शेजारी प्रधान, पलीकडे मी. बाईंनी प्रश्न घोकून ठेवला होता. रस्ताभर माझ्यावर त्याची तालीम चालली होती.

माईक त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी मागून कोणीतरी ओरडलं, "ताई, यान राहू दे, पापलेट कसं दिलं?"

हॉल हसला. एक-दोघं नाही, सगळा हॉल. दिग्दर्शकसुद्धा ओठ दाबून हसला. रेवा हसायचा प्रयत्न करत होती, आणि ते बघवत नव्हतं. मी वळले तर प्रधानसुद्धा खांदे हलवत हसत होते.

बाई उठल्या. माईक कोणाच्या तरी हातात होता तो काढून घेतला.

"मी सुलभा रेडकर. ह्या मालिकेला सगळ्यात जास्त शिव्या मी घातल्यात. पुन्हा घालीन. पण त्या ह्या पोरीला नाहीत. हिच्या कागदावर लिहिलं होतं 'मरते', ही मेली. लिहिलं कोणी? तो तिथे बसून हसतोय, त्याला विचारायची हिंमत नाही तुमच्यात. आणि हिच्या आईच्या पाटीवर हसता? मेल्यांनो, ती पाटी होती म्हणून अर्धी मुंबई दुपारची जेवते. तुम्ही यमुना खोतसाठी भांडताय? यमुना खोत आज ह्या हॉलमधे असती ना, तर तुमच्यातून उठून तिच्या बाजूला जाऊन बसली असती."

असं म्हणून बाई स्टेजच्या पायऱ्या चढल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, एकेक पायरी कठड्याला धरून. त्या रेवाच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घेतली. दिग्दर्शक हात पुढे करून म्हणाला, "थँक यू मॅडम, सो मच."

"तू बोलू नको," बाई म्हणाल्या. माईक चालूच होता. "तुझ्याशी माझं भांडण मिटलेलं नाही."

घरी पोचेपर्यंत त्यांना ग्रुपमधून काढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सुरू झालं. मालिकावाल्यांनी बाईला विकत घेतलं. बाई मुळात चाहतीच नव्हती. दवाखान्याच्या नावापुढे नेटवर भराभर लिहिलं गेलं, अवजारं घाणेरडी आहेत, चांगला दात काढला, हिच्याकडे जाऊ नका. ज्यांनी कधी तो जिना चढला नाही त्यांनी लिहिलं. नवे पेशंट यायचे कमी झाले. फोन येत राहिले, नंदा उचलायची आणि रडायची. मग बाईंनी फोन स्वतःकडे घेतला. पलीकडून शिवी आली की त्या शांतपणे विचारायच्या, "दात दुखतोय का? नाही ना? मग ठेव."

मी प्रधानांना फोन केला, म्हटलं तुम्ही ओळखता बाईंना, एक शब्द तरी बोला. ते म्हणाले, "ताईंनी ग्रुपच्या एकजुटीला तडा दिला. मला वाईट वाटतं." वाईट वाटतं! तो आवाज आजही आठवला की मुठी वळतात.

काही दिवसांनी रेवा दवाखान्यात आली. हातात पिशवी, आईने पाठवलेली कोलंबी. बाईंचे आभार मानायला तिने तोंड उघडलं, तर बाईंनी लाईट ओढला. "बस खुर्चीत. मागची दाढ काळी दिसतेय." ती बिचारी बसली. बाई काम करत राहिल्या आणि बोलत राहिल्या.

"मरताना डोळे का मिटलेस? यमुना डोळे उघडे ठेवून मेली असती. बघितलं असतं तिने, कोणी मारली ती."

चूळ भरून झाल्यावर रेवा म्हणाली, "मॅडम, मी दर वेळी उघडेच ठेवत होते. शेवटी ते ओरडले, मिट ना, सुंदर दिसत नाहीये."

"आणि हात? इंजिनिअरचे हात ते?"

"हाताला मी स्वतः ग्रीस लावून गेले होते. धुवायला लावलं. हात धुवायच्या साबणाची जाहिरात होती मधे मधे. ते म्हणाले, काळे हात चालणार नाहीत."

बाईंनी हातातलं अवजार ट्रेमधे ठेवलं. "तू भांडली नाहीस?"

"भांडले. मग म्हणाले, दुसरी तयार आहे."

बाईंनी लाईट बंद केला. त्या दिवशी कोलंबीचं कालवण करून त्यांनी मला आणि नंदाला डबे दिले. देताना एवढंच म्हणाल्या, "त्या पोरीवर मी पहिल्या दिवशी उगाच तापले. तीपण भांडतच होती."

नंतर मालिकावाल्यांचा फोन आला. दुसरा सीझन येतोय, तुमचं मत हवंय, ऑफिसला या. मी म्हटलं जाऊ नका. बाई म्हणाल्या, "दिग्दर्शकाशी भांडण राहिलंय."

ऑफिस लोअर परळला, काचेच्या उंच इमारतीत. गेटापाशी बाई थांबल्या. ही त्यांच्या बाबांच्या गिरणीची जागा होती. लहानपणी बाबांचा डबा घेऊन त्या ह्याच गेटाशी यायच्या. आता तिथे रखवालदाराने आमचे फोटो काढले, वर एका मुलीने पाटीसारखा स्क्रीन पुढे केला, इथे सही करा, प्रत्येक पाहुण्याची लागते. बाईंनी बोटाने सही केली. मीही केली. वाचलं कोणी नाही.

दिग्दर्शक नव्हताच. निहार नावाचा एक गोड बोलणारा तरुण होता, आणि कोपऱ्यात कॅमेरा.

"मॅडम, तुमच्यासाठी गुड न्यूज. यमुना परत येतेय."

बाईंचा चेहरा मी बाजूने बघत होते. आधी विश्वास बसला नाही. मग त्या हसल्या. अशा हसल्या की मला त्या शेजारच्यांच्या दारात बसलेली ती लालबागची मुलगीच दिसली. "परत आली? यमुना? बरं झालं रे बाबा. फार बरं झालं." मग लगेच, "कशी पण? मेली होती ना?"

"ती क्लोन आहे, मॅडम. लॅबमधे बनवलेली. शी इज अ वेपन. सगळ्यांचा बदला घेते."

"आणि तिला आठवतं सगळं? इंजिन, तात्या?"

"नाही, मेमरी नाहीये. फ्रेश स्टार्ट."

"मग ती कोण?"

"यमुनाच. नाव तेच, फेस तोच."

बाई खिडकीकडे बघायला लागल्या. खाली आवारात गिरणीची चिमणी तेवढी ठेवलेली होती, तिला रंगीत दिवे. "ती चिमणी बघतोस?" त्या म्हणाल्या. "तिच्याखाली माझा बाप होता. त्याच्यासारखे हजारो होते. तुम्ही त्यांना बाहेर काढलंत आणि चिमणी ठेवलीत, शोभेला. यमुनाचंही तेच केलंत. नाव ठेवलंत, चेहरा ठेवलात. बाई कुठाय? जिला काही आठवत नाही ती सूड कशाचा घेणार रे?"

निहारचे डोळे चमकले. "मॅडम, हे खूप पॉवरफुल आहे. जरा कॅमेऱ्याकडे बघून परत बोलाल?"

बाई उठल्या. खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचललीही नाही.

जाहिरात आली तेव्हा तिच्यात चिमणी नव्हती. फक्त बाईंचा हसरा चेहरा होता आणि आवाज, "परत आली? यमुना? बरं झालं रे बाबा." खाली अक्षरं, 'चाहते जिंकले.' सगळ्यांच्या फोनवर गेली. आणि ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांनी अभिनंदन केलं! प्रधानांचा फोन आला, "सुलभाताई, झालं गेलं विसरू. तुमच्यामुळे यमुना परत आली." बाईंचा आवाज मी तेवढा खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. "प्रधान, तुम्ही मला शिव्या देत होतात ना, तेव्हा बरे होतात."

वकील म्हणाला, तुम्ही सही केलीत, काही होणार नाही. बाई दवाखान्यात परत आल्या, पेशंटच्या खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "माटुंगा, फोन धर." मी व्हिडिओ सुरू केला आणि त्या एका दमात बोलल्या. मी यमुनासाठी हसले, तुमच्यासाठी नाही. पुढे मी जे म्हटलं, ते तुम्ही कापलंत. चिमणीचं सगळं सांगितलं, साबणाचंही. फक्त साबणाचं कोणाकडून कळलं ते सांगितलं नाही. शेवटी मालवणीत दोन वाक्यं, ती छापण्यासारखी नाहीत.

ते फोनवरून फिरत रेवापर्यंत पोचलं आणि तिने स्वतःच्या पानावर टाकलं. वर लिहिलं, 'बाई खरं बोलतायत. साबणाचं मीच सांगितलं.'

तिला काढलं. यमुनाच्या क्लोनला नवा चेहरा मिळाला. 'फेस तोच' म्हणणाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही.

बाई त्यानंतर काही दिवस बोलेनाशाच झाल्या. पेशंटना इंजेक्शन दुखायला लागलं. एक दिवस मला म्हणाल्या, "माझ्या तोंडापायी पोरीचं काम गेलं. चल माझ्याबरोबर." आम्ही वरळी कोळीवाड्यात गेलो. रेवाची आई बोळाच्या तोंडाशी पाटी लावून बसली होती. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना शब्द सापडेना.

रेवाच्या आईने मान वर केली. "डॉक्टरीणबाय ना तुमी? तोंड कशाला पाडलंय? पोर माझी गप बसली असती तर मीच तिला घरात घेतली नसती." मग पाटीतलं पापलेट उचलून, "ताजं हाय. घेऊन जा." बाईंनी भाव विचारला. तिने सांगितला. बाई भडकल्या, "एवढं? सोन्याचं आहे?" दोघी कचाकचा भांडल्या, सगळा बोळ जमला. परतताना बाई गुणगुणत होत्या.

रेवा नाटकात गेली. छोटी मंडळी, छोटा हॉल, प्रभादेवीच्या एका गल्लीत. तिथे तिला एका म्हाताऱ्या बाईची भूमिका मिळाली. बाईंनी मला बरोबर घेतलं, पुढच्या रांगेत बसल्या, एकदाही चुळबुळ केली नाही. नाटक संपल्यावर माझी चप्पल हरवली म्हणून मी मागे राहिले. बाहेर आले तर रस्त्यापलीकडे एक टॅक्सी दार उघडून उभी, आणि फुटपाथवर त्या दोघी. रेवाच्या चेहऱ्यावर अजून म्हातारीच्या सुरकुत्या रंगवलेल्या.

"दुसऱ्या अंकात रडलीस कशाला?" बाईंचा आवाज इकडे स्पष्ट येत होता. "ती रडणाऱ्यातली आहे?"

"रडते ती! तुम्ही म्हाताऱ्या बाईला रडायलाच देणार नाही का?"

"लोकांसमोर? कधीच नाही!"

"समोर नाहीचे कोणी! ती एकटी आहे घरात. तुम्ही नीट बघितलंच नाही. तिला वाटतंय, कोणी बघत नाहीये, म्हणून रडते. पंचवीस माणसांत जी बाई ओरडते, ती घरी जाऊन काय करते, कधी विचार केलाय तुम्ही?"

टॅक्सीवाल्याने वैतागून इंजिन बंद केलं. मी रस्ता ओलांडायला पाऊल उचललं आणि थांबले. त्यानंतर चार दिवसांत बाई झोपेतच गेल्या. त्या चार दिवसांत मी माहेरी होते, त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. रेवा हात उडवत, रस्त्यातले लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने बोलत होती, आणि रेडकरबाई दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून, मान थोडी तिरकी करून, मधे एक शब्दही न बोलता ऐकत होत्या.